ऊब आपली, धूर कोणाचा?

नवं, जाड भिंतींचं, तिहेरी काचांचं घर बांधताय आणि दिवाणखान्यात लाकडाची शेगडी हवीच आहे? मग आधी हिशेब करा. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१ मध्ये पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ उभं राहिलं. त्या निकषांत बसणाऱ्या १२० चौरस मीटर घराला ऐन थंडीतही सव्वा किलोवॅटच्या आसपास उष्णता पुरते. बाजारातली साधी शेगडी ५-६ किलोवॅट देते. खोली लगेच तापते, मग आपण हवेची झडप लावतो. हवा कोंडली की लाकूड जळत नाही, धुमसतं.

तो धूर जातो कुठे? आपलं घर हवाबंद, आत येणारी हवा गाळलेली. म्हणजे ऊब आपली आणि धूर शेजाऱ्यांचा.

माझी आजी चुलीपुढे डोळे पुसत स्वयंपाक करायची. तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. आपल्याला विस्तव हवाय तो बघायला. ‘वीज गेली तर?’ असं आपण म्हणतो खरं, पण असं घर थंड व्हायलाही वेळ लागतो. तेव्हा ही हौसच. हौस वाईट नाही. फक्त तिची किंमत दुसऱ्याने का मोजावी?

घ्यायचीच तर लहान, ज्वलनाची हवा बाहेरून घेणारी शेगडी घ्या. लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं वापरा. आणि धुराड्याची जागा ठरवण्याआधी शेजाऱ्यांकडे जाऊन या. आम्ही गेलो होतो. त्यांच्या मुलीच्या खोलीची खिडकी नेमकी त्याच बाजूला उघडते.

आमचा तो कोपरा अजून रिकामाच आहे.