लांबचा रस्ता

माझी भाची नववीत आहे. राहते नवीन पनवेलला, क्लास रुळांच्या पलीकडे, जुन्या पनवेलात. परवा संध्याकाळी तिला आणायला गेले, तर नेहमीचा सरळ रस्ता सोडून ती भलत्याच गल्लीत वळली.

“अगं, इकडून लांब पडेल ना?”

“आत्या, आज कणीसवाली काकू नाहीये.”

एवढंच. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, असा चेहरा.

चालता चालता थोडं थोडं कळत गेलं. जवळच्या रस्त्याला एका वळणावर बाइक लावून काही मुलं उभी असतात. कधी नुसती बघतात, कधी काहीबाही बोलतात. एकदा एकाने तिच्या मैत्रिणीचा फोन हिसकावून तिचा नंबर घेतला. त्याच वळणावर काकूची गाडी लागते. शेगडी पेटलेली आणि वरचा दिवा लागलेला दिसला की मुली बिनघोर जातात. नाही दिसला की सात-आठ मिनिटांचा वळसा. क्लासमधल्या सगळ्या मुलींना हा नियम पाठ आहे. माझ्या भावाला आणि वहिनीला त्याचा पत्ता नव्हता.

आणि कळल्यावर त्यांनी काय केलं? दुसरा क्लास शोधायला घेतला.

मला त्यांचा राग आला नाही. आपली सगळी व्यवस्थाच अशी विचार करते. मूल संकटात सापडलं की चौकशी घराची होते. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी करावी लागते. या मुदती हव्यातच. त्या नसत्या तर फायली वर्षानुवर्षं लोळत पडल्या असत्या. पण त्या चौकशीचा मोठा भाग घराभोवती फिरतो: आईवडील काय करतात, पटतं का, भावंडं किती, उत्पन्न किती. मग त्या मुलासाठी काळजी योजना तयार होते. मूल हलवलं जातं, समजावलं जातं, सांभाळलं जातं. वळण तिथेच राहतं आणि पुढच्या वर्षीच्या नववीची वाट बघतं.

ब्रिटनमध्ये कार्लीन फर्मिन या संशोधक बाईंनी नेमकं इथेच बोट ठेवलं. घराबाहेर, म्हणजे शाळेत, बागेत, बसथांब्यावर, मित्रांच्या टोळक्यात मुलांना इजा होत असेल, तर नुसत्या आईबापांना बोलावून काय होणार? त्या जागेवर त्यांचा काय ताबा? फर्मिन यांचं म्हणणं, योजना मुलाची करता तशीच जागेचीही करा. २०१७पासून लंडनच्या हॅक्नी भागात हे अख्ख्या यंत्रणेनिशी करून पाहण्यात आलं. तिथे मुलांनाच नकाशा देऊन विचारतात, कुठे बरं वाटतं, कुठे नाही.

पनवेलचा असा नकाशा काढायचा म्हटलं तर पहिला प्रश्न येतो, तो कुणाकडे द्यायचा? जिल्हा रायगड, त्यामुळे जिल्हा बाल संरक्षण कक्ष रायगडचा. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. फलाटावर काही घडलं तर रेल्वे पोलीस. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा; ती २०१६च्या ऑक्टोबरात झाली, पण सुकापूरच्या बाजूला सरकलात की ग्रामपंचायत लागते. चौदा वर्षांची मुलगी शाळा, क्लास, स्टेशन, घर करताना दिवसातून चार हद्दी ओलांडते. तिला त्रास देणाऱ्यालाही त्या ओलांडता येतात. अडतात त्या फक्त फायली.

बदलापूर इथून काही फार लांब नाही. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या संतापाने तिथे लोक रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी शाळांसाठी शासन निर्णय निघाला: महिन्याभरात सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमा. ठीकच आहे. पण नंतर मोजलं काय जातं? कॅमेरे किती बसले, पेट्या किती लागल्या, समित्या किती झाल्या. हे मोजायला सोपं. पेटी रिकामी निघाली तर तिचा अर्थ काय लावायचा, सगळं आलबेल आहे की पेटीवर कुणाचा विश्वास नाही, हे कुठल्या रकान्यात भरणार? ‘तक्रार शून्य’ असं लिहिलेल्या कागदाने मी तरी धास्तावते. तक्रारी वाढल्या तर मी उलट म्हणेन, मुलं बोलायला लागली.

मला विचाराल तर त्या वळणासाठी एकच मोजणी पुरे. काकू नसताना, रात्री आठ वाजता, मुली कुठल्या रस्त्याने जातात ते पाहा. आज पाहा, दिवा लावून दोन महिन्यांनी पाहा. सरळ रस्त्याने जायला लागल्या तर काहीतरी जमलं.

आणि त्या मुलांचं? भाची म्हणाली, त्यातला एक गेल्या वर्षी दहावीला होता. म्हणजे सतराचा असेल. कायद्याच्या लेखी तोही मूलच. तो रोज तिथेच का उभा असतो, त्याला तिथे कोण भेटतं, हे कुणी विचारलंय का? नकाशा काढायचाच तर एक पेन्सिल त्याच्याही हातात द्यावी लागेल, हे लिहिताना मलाही जड जातंय. फोन हिसकावणाऱ्याला पेन्सिल! पण त्याला हुसकावलं तर तो पुढच्या वळणावर उभा राहील, एवढंच होईल.

आमचा वळसा संपत आला होता. मी विचारलं, “आणि कणसांचा मोसम संपला की?”

“मग ती शेंगा उकडून विकते. डिसेंबरपर्यंत असते.”

“आणि नंतर?”

“नंतर लांबूनच,” ती म्हणाली, आणि पाठीवरचं दप्तर सारखं करून पुढे चालायला लागली.