फायली वेगळ्या, निर्णय एकच

सॉफ्टवेअरच्या दुनियेत सध्या संख्येचे कौतुक चालले आहे. कुणी पाच एआय एजंट एकाच वेळी कामाला लावतो, कुणी दहा. एजंट किती चालवावेत, हा प्रश्न नंतरचा. हातातले काम मुळात कुठे सुटे होते, हा पहिला प्रश्न आहे, आणि तोच विचारला जात नाही. एजंट सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, ही भीती आणि त्यांचा कोड म्हणजे निव्वळ कचरा, हा तुच्छतावाद या दोन्हींत मला रस नाही. मला खोडायचा आहे तो तिसरा, अधिक हुशार दावा.

तो असा : उशिरा चाललेल्या कामावर माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्ये सांगितले. माणसांना एकमेकांशी बोलावे लागते, हे त्याचे एक मोठे कारण होते. एजंटांना बोलावे लागत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’मध्ये 2015 पासून वर्कट्रीची, म्हणजे एकाच प्रकल्पाच्या अनेक वेगळ्या कार्यप्रतींची, सोय आहे. प्रत्येक एजंटाला वेगळा फोल्डर, वेगळी शाखा द्या. शेवटी शाखा जोडताना संघर्ष आला नाही, म्हणजे कामे स्वतंत्र होती. ब्रूक्सचा नियम संपला!

हा दावा एका उदाहरणावर तपासू. कंधारच्या बाजार समितीसाठी सोयाबीनच्या खरेदीची प्रणाली करायची आहे, असे समजा. एका एजंटाला मापाची पावती दिली, दुसऱ्याला शेतकऱ्याची हिशोबपट्टी, तिसऱ्याला मोबाइलवर जाणारा संदेश. तिघांच्या फायली वेगळ्या. पहिल्याने रिकाम्या पोत्याचे वजन, म्हणजे बारदान, वजा करून निव्वळ वजन नोंदवले. दुसऱ्याला ‘वजन’ नावाचा रकाना दिसला. ते भरल्या पोत्याचे असावे असे धरून त्याने बारदान पुन्हा वजा केले. तिसऱ्याने पावतीवरचे वजन कळवले. तिघांच्या चाचण्या उत्तीर्ण, कारण ज्याने त्याने त्या आपापल्या समजुतीवर लिहिल्या. गिटला संघर्ष दिसला नाही. त्याला ओळींची टक्कर कळते, समजुतींची कळत नाही. नुकसान मात्र शेतकऱ्याच्या पट्टीत, दर पोत्यामागे.

इथे काय घडले? बोलण्याचा खर्च वाचला, पण बोलता बोलता जे ठरत असे तेही गेले. मापाडी आणि अडत्याचा मुनीम शेजारी बसले असते, तर ‘बारदान धरलं का?’ एवढ्या एका प्रश्नात हे मिटले असते.

यावर उत्तर येते की सर्व एजंटांना नियमांची एक सामाईक फाइल द्यावी. जरूर द्यावी. पण त्या फायलीत तेच निर्णय येतील, जे कुणाच्या तरी आधी ध्यानात आले. बारदान कुठे वजा होते हे ओळखणे हेच खरे काम होते, आणि ते वाटणीच्या आधीचे होते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये हेच मांडले : प्रणालीचे भाग पाडायचे ते कामाच्या पायऱ्यांवरून नव्हे, पुढे बदलू शकेल असा प्रत्येक अवघड निर्णय एकाच भागाच्या पोटात राहील, अशा बेताने.

सॉफ्टवेअरबाहेरही हेच दिसते. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर अनेक गावे वेगवेगळ्या संस्थांनी एकाच काळात उभारली. एका गावाचे रस्ते दुसऱ्या गावावर अवलंबून नव्हते, म्हणून ते जमले. एकाच गावाचे रस्ते एका संस्थेला आणि घरे दुसरीला, परस्परांना न विचारता, देता आली नसती.

म्हणून माझा भेद एवढाच आहे : फायलींचे वेगळेपण आणि निर्णयांचे वेगळेपण. पावतीच्या छपाईचा नमुना सुधारणे आणि जुना संथ अहवाल वेगवान करणे ही दोन कामे दोन एजंटांना खुशाल द्यावीत. एकाच्या निकालावर दुसऱ्याचे काही ठरत नाही. असा फायदा खरा आहे. नांदेड-लातुरात दोन-तीन जणांवर चालणाऱ्या कंपनीला तर तो मोठ्या कंपनीपेक्षा अधिक मोलाचा. पण तिथे तपासणारे डोळेही तेवढेच असतात. एजंट वाढले म्हणून ते वाढत नाहीत.

तेव्हा काम वाटण्याआधी एक कागद घ्या. दोन कामांना मिळून लागणारा प्रत्येक निर्णय त्यावर लिहा, आणि बाजार ओळखणाऱ्या माणसाकडून तो ठरवून घ्या. जो निर्णय अजून ठरलेला नाही, त्याच्या दोन्ही बाजूंची कामे एकाच हाती ठेवा. मग उरलेल्या कामांसाठी एजंट पाच लावा की पन्नास.