चांदणीची खूण

सहामाही परीक्षा संपली होती आणि दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. अशा दिवसांत शाळेत अभ्यास कमी आणि भांडणे फार होतात. मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा डोळे पुसत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्यामागे सातवीतला एक उंच मुलगा होता. त्याचा चेहरा निर्दोष माणसाचा होता. निदान तसा ठेवण्याचा त्याचा प्रयत्न होता.

तक्रार साधीच होती. धाकट्याकडे ‘पोकेमॉन’चे एक चकचकीत कार्ड होते. पुण्याच्या मामाने दिलेल्या पाकिटात ते निघाले होते. मोठ्याने त्याच्या बदल्यात बारा कार्डे देऊ केली. एकाला बारा! धाकट्याने आनंदाने सौदा केला आणि ती बारा कार्डे उशाशी घेऊन झोपला. सकाळी कुणीतरी त्याला सांगितले, की त्या एका कार्डात तसली पन्नास आली असती. झाले! रात्रीचा आनंद सकाळी दुःख होऊन बसला.

“मी फसवले नाही, सर,” मोठा म्हणाला. “एक अक्षर खोटे बोललो नाही. त्याने राजीखुशीने दिले. विचारा त्याला.”

मी विचारले. धाकट्याने नाइलाजाने मान हलवली. राजीखुशीनेच दिले होते.

एवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. “उद्या या,” म्हणून दोघांना सांगितले. न्यायाधीशाप्रमाणे शिक्षकालाही तारीख देण्याची सोय असते. पण घरी गेल्यावर तो प्रश्न माझ्या पानात वाढून ठेवल्यासारखा समोर आला. ज्याला ठाऊक आहे, त्याने ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी सौदा केला आणि तोंडातून खोटे काढले नाही, तर त्यात पाप आहे की नाही?

ज्या घरात नातवंडे आहेत, त्या घरी ही कार्डे समजावून सांगायला नकोत. इतरांसाठी थोडे सांगतो. जपानात १९९६ साली हा पत्त्यांचा खेळ निघाला. पत्ते बंद पाकिटातून विकतात. आत काय निघेल ते नशीब. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक खूण असते. गोल असला तर पत्ता सर्रास मिळणारा, चौकट असली तर जरा कमी, चांदणी असली तर दुर्मिळ. त्या दुर्मिळतेचे वेड कुठवर जावे? १९९७-९८ साली जपानी मुलांच्या एका मासिकाने चित्रस्पर्धेत बक्षीस म्हणून दिलेला एक पत्ता २०२१ साली एका अमेरिकन गृहस्थाने बावन्न लाख पंचाहत्तर हजार डॉलरना घेतला. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात एकशेवीस पाने असतात. दहा अवतारांची बारा-बारा पाने. कुणाचे पान केवढे, हे खेळायला बसलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक. तिथे डाव अंगच्या अकलेवर आणि हाती आलेल्या पानांवर चालतो. या नव्या पत्त्यांत एक पान अधिक असते. ते म्हणजे समोरच्याचे अज्ञान.

पण मोठ्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्या बारीक खुणा त्याने दोन वर्षे घोकल्या आहेत. ज्ञान मिळवायला कष्ट पडतात, मग त्याचे फळ का खाऊ नये? सगळा बाजार त्यावरच तर चालतो. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने आपल्या मुलासाठी लिहिलेल्या ग्रंथात हाच पेच घातला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक सज्जन व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तिथे पोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? सिसेरो दोन पंडितांचा वाद मांडतो. एक म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. दुसरा म्हणतो, माणसे एकमेकांची बांधलेली आहेत, सांगितलेच पाहिजे. स्वतः सिसेरो दुसऱ्याच्या बाजूचा. मला मात्र पहिल्याचे म्हणणे पटकन उडवून लावता येईना.

तेव्हा मला माझे लहानपण आठवले. शालिमारच्या मागे एका बोळात व्हिडिओ गेमचे दुकान होते. १९९१ साली निघालेला मारामारीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ तिथे होता. हरेल त्याने बाजूला व्हायचे. जिंकणारा त्याच नाण्यावर उभा राहायचा, आणि नवा गडी आपला रुपया टाकायचा. एका कॉलेजातल्या मुलापुढे मी ओळीने दहा संध्याकाळी हरलो, पण फसवलो गेलो असे एकदाही वाटले नाही. कारण त्याची प्रत्येक लाथ माझ्या डोळ्यांसमोर होती. हरता हरता मी शिकत होतो. अकराव्या संध्याकाळी त्याचा डाव मी त्याच्यावरच उलटवला. आमचा हा सातवीतला पठ्ठ्या आज मोबाइलवर १९९३ सालचा ‘ड्रॅगन बॉल’चा तसलाच खेळ खेळतो आणि धाकट्यांना धूळ चारतो. त्याबद्दल कुणी रडत माझ्याकडे आलेले नाही. पत्त्याच्या सौद्यात मात्र धाकट्याला आपण हरलो हेच कळले नव्हते. तो हरून हसत घरी गेला होता.

आमच्या नाशिकरोडला १९२८ सालापासून नोटा छापतात. शंभराच्या नोटेवर हात फिरवून पाहा, उठावाचा त्रिकोण लागेल. पाचशेच्या नोटेवर वर्तुळ लागेल. ज्याला दिसत नाही त्याच्या बोटांना किंमत कळावी म्हणून ती सोय आहे. आंधळ्याला शंभराची नोट पाचशेची म्हणून देणाऱ्याला आपण चोर म्हणतो. कार्डावरची चांदणीही अशीच खूण. पण ती जाणत्यालाच दिसते. धाकट्याची बोटे तिच्यावरून किती वेळा फिरली असतील!

इथवर विचार आला आणि माझी नजर माझ्याच कपाटाकडे गेली. तिथे एका जुन्या कादंबरीची पहिली आवृत्ती आहे, आत लेखकाची सही आहे. गेल्या वर्षी ती मला एका रद्दीवाल्याकडे मिळाली. सही पाहून माझ्या छातीत धडधडले होते. मी पुस्तक मिटले, त्यावर दोन फाटकी मासिके ठेवली आणि गठ्ठा तराजूत टाकला. वीस रुपये झाले. मीही एक अक्षर खोटे बोललो नव्हतो. पण मग ती दोन मासिके मी वर का ठेवली?

दुसऱ्या दिवशी मोठ्याला मी एवढेच विचारले, “हा सौदा तू त्याच्या मामासमोर केला असतास का?”

तो बराच वेळ बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, “नाही, सर. पाण्याच्या टाकीमागे केला.”

मी कार्ड परत द्यायला सांगितले नाही. म्हटले, “तुला जे ठाऊक आहे ते सगळे त्याला शिकव. मग काय ते ठरवा.” त्याने अर्धा तास शिकवले आणि माझ्यापेक्षा चांगले शिकवले! गोल, चौकट, चांदणी. धाकट्याने सारे ऐकून घेतले आणि चाळीस कार्डे मागितली. मोठ्याने कपाळाला हात लावला. शेवटी अठ्ठावीसवर ठरले. बाजारभावाने अजूनही धाकट्याचा तोटाच होता. पण या वेळी तो काय देतो आहे हे जाणून देत होता, आणि त्याची मान ताठ होती.

शिकवणे सोपे असते. त्या संध्याकाळी पुस्तक पिशवीत घालून मी रद्दीवाल्याकडे जायला निघालो, तेव्हा ते किती सोपे असते ते समजले. दोनदा वाटेतून परत फिरावेसे वाटले. त्याला सही दाखवली आणि मुलांची हकिकतही सांगितली. तो हसला नाही. पुस्तक उलटसुलट करून म्हणाला, “मग आता काय देता, सर?” माझ्या दिवाळीच्या खर्चातले सातशे रुपये त्याने घेतले. घरी बोलणी बसली, ती वेगळीच.

आता तो प्रत्येक पुस्तक उघडून पाहतो, मगच तराजूत टाकतो. वीस रुपयांत घबाड मिळण्याचे माझे दिवस संपले. परवा त्याने पिवळ्या पानांचे एक पुस्तक माझ्यापुढे धरले आणि विचारले, “सर, याच्यावर चांदणी आहे का हो?”

होती. क्षणभर मी गप्प राहिलो. मग सांगितले.