मनाचे धरण

मुकाट्याने सोसणे हाच सद्गुण होय, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत आलो. परंतु १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला, ही गोष्ट आम्हांस निराळा बोध करिते. धरणात पाणी साठविले, तेव्हा ते सोडण्याच्या दारांचे काम अपुरेच होते. मनाचेही असेच आहे. कर्ज, आजार, पीकपाणी यांची काळजी रोज साठते. तिला वाट न मिळाल्यास झोप उडते, रक्तदाब वाढण्याचे भय असते. तर मग, प्रिय वाचकहो, विश्वासू शेजाऱ्यापाशी मन मोकळे करणे हा दुबळेपणा कसा? सांगणाऱ्याने लाजू नये. आणि ऐकणाऱ्याने ती गोष्ट गावभर करू नये. अर्धे औषध त्याच्याच हाती आहे.