वंशाचं गुपित जरा उशिरा सांग

चि. बाळ यास,


तुझ्या कादंबरीचा पहिला भाग वाचून झाला. नदीवरची ती तर, तिचा शेवाळलेला दोर, पावसाळ्यात दर वर्षी बदलणारं पात्र, बाजाराच्या दिवशी कोंबड्या-शेळ्यांसकट चढणारी माणसं, हे सगळं तू फार चांगलं लिहिलं आहेस. मग तिसऱ्या प्रकरणात तो जटाधारी म्हातारा येतो, मुलाच्या खांद्यावरची खूण पाहतो आणि चार पानं बोलून सांगतो की तू नावाड्याचा मुलगा नाहीस, बुडालेल्या राजघराण्याचा शेवटचा वारस आहेस. पुढे मुलगा ‘मला नको’ म्हणत राहतो आणि भेटेल तो ‘तूच तो’ म्हणत राहतो. त्या प्रकरणानंतर मुलगा मला दिसेनासा झाला, नुसती खूण उरली. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, आणि पत्र लांबणार आहे.

मनोगतात तू ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं ऋण मानलं आहेस. मला वाटतं ते तू पुस्तकाकडून कमी आणि पडद्याकडून जास्त घेतलं आहेस. पीटर जॅक्सनच्या चित्रपटांतला (2001 ते 2003) ॲरागॉर्न सिंहासनाकडे पाठ करून उभा असतो. टॉल्किनचा तसा नाही. 1954-55 मध्ये तीन खंडांत आलेल्या त्या कथेत त्याला आपलं कुळ माहीत आहे, मोडलेली तलवार तो जवळ बाळगतो आणि रिव्हेंडेलमध्ये ती पुन्हा घडवून घेऊनच मोहिमेवर निघतो. चित्रपटात हीच तलवार थेट तिसऱ्या भागात एल्रॉन्ड त्याला आणून देतो, कारण तोवर त्याच्या तोंडून होकार आलेला नसतो. पटकथा लिहिणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी नकाराला कारण दिलं. याच्याच पूर्वजाच्या, इसिल्डूरच्या, हाती ती अंगठी आली होती, ती नष्ट करायची जागाही जवळ होती, आणि तरी ती त्याच्याने टाकवली नाही. तेच रक्त माझ्यात आहे, मग मी कशावरून टिकेन, ही त्या ॲरागॉर्नची भीती आहे. तुझ्या मुलाच्या नकारामागे असं काहीच नाही. अशा कथांतले नायक नको म्हणतात, म्हणून तोही म्हणतो.

आता पुस्तकात हे गुपित कसं सांभाळलं आहे ते बघ. ॲरागॉर्न दोन वर्षांचा असताना त्याचा बाप आराथॉर्न ऑर्कांच्या बाणाने मरतो. आई गिल्रायन मुलाला घेऊन एल्रॉन्डच्या आश्रयाला येते. शत्रू इसिल्डूरच्या वारसाच्या शोधात असतो, म्हणून मुलाला एस्टेल हे दुसरं नाव देतात आणि त्याचं कुळ खुद्द त्याच्यापासूनही लपवतात. तो 20 वर्षांचा झाल्यावर एल्रॉन्ड त्याला खरं नाव सांगतो, घराण्याची (ती नव्हे, वेगळी) अंगठी देतो, तलवारीचे तुकडे देतो. राजदंड मात्र देत नाही. तो तुला अजून कमवायचा आहे, असं तोंडावर सांगतो. हा राजदंड ॲरागॉर्नच्या हातात पडतो तो त्याच्या लग्नाच्या वेळी, आणि तेव्हा तो 88 वर्षांचा आहे. त्याच्या वंशातली माणसं दीर्घायुषी, त्यामुळे हे वय म्हातारपणाचं नव्हे. पण मधली 68 वर्षं तर गेलीच ना! त्यांत त्याने रोहानच्या राजाकडे चाकरी केली, मग गोंडोरच्या कारभाऱ्याकडे केली, तीही थोराँगिल या भलत्याच नावाने. गोंडोर म्हणजे त्याच्याच पूर्वजांचं राज्य. तिथे परका शिपाई होऊन तो राहिला, उंबारच्या बंदरात शत्रूची जहाजं जाळून आला, आणि मानसन्मान घ्यायची वेळ आली तेव्हा नगरात न परतता एकटाच निघून गेला.

यातलं बरंचसं टॉल्किनने मुख्य कथेत सांगितलेलंच नाही, परिशिष्टात ठेवलं आहे. कथेत ॲरागॉर्न पहिल्यांदा भेटतो तो ब्री गावच्या खानावळीत, भिंतीकडेच्या अंधारात, चिखलाने माखलेले बूट पसरून पाइप ओढत बसलेला एक परका माणूस म्हणून. खानावळीच्या मालकाला त्याचा भरवसा वाटत नाही. गावकरी त्याला स्ट्रायडर म्हणून हिणवतात. त्या गावापासून एका दिवसाच्या वाटेवर कसले शत्रू वावरतात आणि त्यांना कोण अडवून धरतं, याची त्यांना कल्पना नाही. हाच माणूस आणि त्याचे सोबती तिथे पहारा देतात. त्याचा वंश भर सभेत सांगितला जातो तो पुढे, रिव्हेंडेलला पोचल्यावर. तोवर त्याने चार हॉबिटांना काळ्या स्वारांच्या तावडीतून वाट काढून आणलेलं असतं. वाचक त्याला आधीच आपला मानून बसलेला असतो, आणि राजवंशाची बातमी अशा माणसाबद्दल येते.

एक गोष्ट तुला कदाचित माहीत नसेल. खानावळीतला हा माणूस कोण, हे लिहिताना टॉल्किनलाही ठाऊक नव्हतं. 1955 साली कवी ऑडनला लिहिलेल्या पत्रात त्याने हे कबूल केलं आहे. पहिल्या खर्ड्यांत तो माणूसही नव्हता, लाकडी बूट घालणारा ट्रॉटर नावाचा हॉबिट होता. म्हणजे लेखकाने आधी त्याचं चालणं पाहिलं, त्याचं बोलणं ऐकलं, आणि वंश पुष्कळ पुढे सापडला. तू उलट्या बाजूने आलास. तुझ्याकडे वंशावळ आधी तयार होती (ती तू पुस्तकाच्या सुरुवातीला छापणार आहेस, तेही नको) आणि मुलगा तिच्या तळाशी नेऊन बसवलास.

पुस्तकातला ॲरागॉर्न डगमगतच नाही असं समजू नकोस. मोरियाच्या खाणीत गँडाल्फ पडल्यावर टोळीची जबाबदारी त्याच्यावर येते. राउरोसच्या धबधब्याजवळ टोळी फुटते, बोरोमिर मरतो, फ्रोडो निघून जातो, आणि आज जे जे ठरवलं ते ते उलटं गेलं असं तो स्वतःलाच बोलतो. त्याचं मन मिनास टिरिथकडे ओढ घेत असतं. तिथे युद्ध आहे, सिंहासन आहे, बोरोमिरला मरताना दिलेलं वचन आहे. तो ती वाट सोडतो आणि ऑर्कांनी पळवलेल्या दोन हॉबिटांच्या मागे धावतो, कारण सोडून दिलं तर ती दोघं हाल होऊन मरतील. चौथा दिवस मावळायच्या आत 45 लीग, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, तीन जण पायी धावतात. मला त्या सगळ्या पुस्तकातला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. इथे तो राज्याला नको म्हणत नाही, पण राज्यापेक्षा तातडीचं काही समोर आलं तर ते ओळखतो. तुझ्या मुलाला असा एखादा प्रसंग दे. नकाराची दहा वाक्यं मग आपोआप गळतील.

आणि खांद्यावरची खूण काढून टाक. पेलेनॉरची लढाई जिंकल्यावर ॲरागॉर्न नगराबाहेर तंबू ठोकतो, निशाण गुंडाळून ठेवतो. हक्क सांगायला तो आत जात नाही. गँडाल्फ बोलावतो तेव्हा झगा पांघरून जातो, तेही जखमींसाठी. तिथे एक म्हातारी सेविका आहे, योरेथ. राजाच्या हाताला गुण असतो अशी जुनी म्हण तिला आठवते. ॲरागॉर्न अथेलास नावाचा पाला मागतो. औषधशाळेच्या प्रमुखाला त्या पाल्याची सगळी नावं येतात, त्यावरची जुनी कवनं येतात, पण पाला साठ्यात नसतो, कारण आता त्याला कुणी औषध मानत नाही. शेवटी कुठून तरी सुकलेली पानं मिळतात. ॲरागॉर्न ती चुरून उकळत्या पाण्यात टाकतो आणि फारामिरला, एओविनला, मेरीला एकेक करून परत आणतो. मग रात्रभर इतरांचंही पाहतो. राजा आला ही बातमी नगरात पसरते ती त्या खोल्यांमधून. तुझ्याकडे पूर आहे, तर आहे, वल्हं मारणारे हात आहेत. तरीही तू ओळख पटवायचं काम एका जन्मखुणेवर सोपवलंस, याचं मला वाईट वाटलं.

आता जे सांगायला मुख्यतः पत्र लिहायला घेतलं तिथे येते. तू मराठीत लिहितो आहेस. तुझं पुस्तक अशा मुलांच्या हाती पडेल ज्यांना शाळेत पहिल्या दिवशी नावाच्या आधी आडनाव विचारलं गेलं आहे, आणि आडनाव ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा कसा बदलला हे ज्यांनी पाहिलं आहे. तुझा नायक शूर आहे, शहाणा आहे, आणि का आहे, तर तो मुळात नावाड्याचा नव्हताच म्हणून. या गोष्टीतून खऱ्या नावाड्याच्या मुलाने काय घ्यायचं? टॉल्किनच्या जगात रक्ताला मान आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याने मोहीम कुणाच्या खांद्यावर दिली ते बघ. अंगठी घेऊन डोंगर चढतात फ्रोडो आणि त्याचा माळी सॅम. इसिल्डूरचा वारस सात हजारांची फौज घेऊन काळ्या दरवाजाकडे निघतो. जिंकण्याची आशा नाही, शत्रूची नजर त्या दोघांवरून हटावी एवढ्यासाठी तो स्वतःला आमिष करतो. राजवंश तिथे माळ्याच्या कामी येतो.

आपल्याकडे तर कर्ण आहे. मराठी वाचकाला तो ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’मधून घरच्यासारखा माहीत आहे, म्हणून तुझं पुस्तक त्याच्या शेजारी ठेवलं जाणारच. रंगभूमीवर कृपाचार्य त्याला कुळ विचारतात आणि त्याची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. तेवढ्यात अधिरथ काठी टेकत, घामाने निथळत येतो, आणि कर्ण अभिषेकाने ओलं झालेलं मस्तक सगळ्या सभेसमोर त्याच्या पायांवर ठेवतो. पुढे युद्धाच्या तोंडावर कृष्ण त्याला खरा जन्म सांगतो. तू पांडवांत थोरला, राज्य तुझं, असं सांगतो. कर्ण नको म्हणतो. का, तर राधेला मला पाहून पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं, अधिरथाने मुलगा म्हणून माझे संस्कार केले, त्यांना मी कसा टाकू. आणि दुर्योधनाच्या भरवशालाही कसा फसवू. शिवाय हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस असं तोच कृष्णाला बजावतो, कारण कळलं तर तो धर्मनिष्ठ माणूस राज्य सोडून देईल. हा नकार वाचताना माझा आजही गळा दाटतो. त्या नकारात माणसं आहेत. लाज, भीती, आळस यांतलं त्यात काही नाही.

आणि तू चौथ्या प्रकरणात नावाडीण मारून टाकलीस! मुलाला घर सोडायला मोकळं करायचं म्हणून केलंस हे कळतं, पण तुझ्या कथेतलं सर्वांत मोठं भांडवल तू तिथे गमावलंस. ती जिवंत असेल तर मुलाच्या प्रत्येक पावलाला किंमत येते. त्याने राजघराण्याचं नाव घेतलं तर ती कोण ठरते? तिला सगळं आधीपासून माहीत असेल आणि तिने ते गिळून त्याला वाढवलं असेल तर? मुलगा म्हाताऱ्याला जे ‘नको’ म्हणतो ते मनातून तिला उद्देशून असू दे. ती चुलीपाशी बसून ऐकते आहे हे त्याला माहीत असू दे.

वंश कळलाच पाहिजे असंही नाही. लॉइड अलेक्झांडरच्या प्रिडेनच्या पाच पुस्तकांत टॅरन हा डुकरं राखणारा पोरगा आहे. आवडत्या मुलीला मागणी घालायला आपलं कुळ थोर निघावं म्हणून तो 1967 च्या ‘टॅरन वॉन्डरर’मध्ये आईबापांच्या शोधात निघतो. एक पांगळा मेंढपाळ तूच माझा मुलगा म्हणून खोटं सांगतो. पुढे टॅरन लोहाराकडे, विणकरणीकडे, कुंभाराकडे राबतो. शेवटच्या पुस्तकात तो राजा होतो, पण आईबाप कोण हे कुणालाच कळत नाही. रणांगणावर सापडलेलं बेवारस मूल, एवढंच. मुलांसाठीची पुस्तकं म्हणून बाजूला ठेवू नकोस, विणकरणीचं आणि कुंभाराचं प्रकरण नक्की वाच.

तू असंच कर असं मी म्हणत नाही. तुझ्या कथेला गुपित हवं आहे, पुढच्या भागातला तह त्यावर उभा आहे, हे मला दिसतं. पण म्हाताऱ्याला निदान पुराच्या रात्रीपर्यंत तोंड उघडू देऊ नकोस. ती रात्र तू दहाव्या प्रकरणात ठेवली आहेस, ती पुढे आण. पैलतीरावरची माणसं मुलाला आधी आणू दे, तेही दोर तुटलेला असताना, आणि त्यांत ज्यांनी त्याच्या बापाला बाजारात अपमानित केलं तेही असू देत. म्हाताऱ्याची चार पानं अर्ध्या पानावर आण. तो खरं सांगतो आहे की नाही याची मुलाला खात्री नसली तर आणखी बरं.

नवं तिसरं आणि चौथं प्रकरण झालं की टाइप करायची वाट न पाहता हातची पानंच पाठव. दिवाळीपर्यंत मी इथेच आहे. आईला सांग, तिचं पत्र मिळालं, वेगळं उत्तर लिहिते.

तुझी,
मावशी