मार्क्सचा वारसा आणि ऋणाचा प्रश्न

एखाद्या विचाराच्या नावाने उभारलेली राज्ये कोसळली, म्हणजे त्या विचाराचे आपणांवरील ऋणही फिटले असे समजावे काय? सोव्हिएट संघराज्य १९९१ साली लयास गेले. पुढल्याच वर्षी फ्रान्सिस फुकुयामा ह्या अमेरिकन ग्रंथकाराने, उदारमतवादी लोकशाहीच्या पलीकडे इतिहासास गाठावयाचे ठिकाण उरले नाही, अशा आशयाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांस मार्क्सचे नाव पूर्वीपासूनच नकोसे होते, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

नेमक्या त्याच वेळी, एप्रिल १९९३ मध्ये, झाक देरिदा ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या विद्यापीठात व्याख्यान दिले आणि त्यातून 'मार्क्सची भुते' हा ग्रंथ झाला. देरिदा हा 'विरचने'चा आचार्य. विरचना म्हणजे मोडतोड नव्हे. कोणतेही लेखन, कायदा किंवा संस्था घ्यावी आणि ज्या भेदांवर ती उभी आहे ते भेद तिच्याच शब्दांनी कसे डळमळतात हे दाखवावे, अशी ही वाचनाची रीत आहे. अशा माणसाने मार्क्सची बाजू घ्यावी, ह्याचे पुष्कळांस नवल वाटले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वारसा ही आयती हाती पडणारी वस्तू नसून ते एक कार्य आहे, मार्क्सचे 'भूत' एक नसून अनेक आहेत, त्यांतील कोणते घ्यावे व कोणते टाकावे हे वारसासच ठरवावे लागते, परंतु ऋण नाकारण्याची मुभा त्यास नाही. पित्याच्या पिशाच्चाने पुत्रावर टाकलेला भार समजण्यासाठी त्याने हॅम्लेटचा आधार घेतला आहे. आगरकरांच्या 'विकारविलसिता'मुळे ते पिशाच्च आपल्या घरीही जुन्या ओळखीचे आहे.

ऋण हा शब्द आपणांस परका नाही. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो, असे आपले शास्त्र सांगत आले. म्हणून देरिदाचा हा विचार वाचताना आपल्या मनास एक प्रकारचा गोडवा वाटतो. आमच्या मते ह्या गोडव्यापासून जरा सावध राहावे, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. वसई-विरारहून उत्तरेस निघणारी रेल्वे ज्या डहाणू-तलासरीच्या मुलखातून जाते, तेथे ऋण ह्या शब्दाचा अर्थ अगदी निराळा होता.

हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. येथील वारली तरुण लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून थोडी रक्कम उचली, आणि तिच्या फेडीसाठी तो व त्याची बायको धनकोच्या घरी राबू लागत. ह्यास 'लग्नगडी' म्हणत. हिशेबाची वही धनकोच्या हाती, आणि ऋणकोस अक्षरओळख नाही. तेव्हा कर्ज फिटले केव्हा हे सांगणारा धनकोच. बापाचे ऋण लेकराच्या मानेवर यावयास कोणत्याही शास्त्राची गरज पडत नसे. अशा लग्नगड्यास कोणी सांगितले असते की, 'बाबा रे, ऋण कधीच फिटत नसते, ते मान्य करणे हेच मनुष्यत्व होय,' तर त्यास तो सावकाराचाच मुनीम वाटला असता!

कायद्याचे शिक्षण घेतलेल्या गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव परुळेकर ह्यांनी किसान सभेच्या वतीने ह्या लोकांत काम आरंभिले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे परिषद भरली आणि तीत वेठबिगार न करण्याचा निश्चय झाला. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीवरून लढा पेटला. १० तारखेस तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मरण पावले, जेठ्या गांगड हा त्यांतील एक. ही सर्व हकीकत बाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या ग्रंथात सांगितली. वेठबिगारीस मनाई करणारे राज्यघटनेचे २३ वे कलम १९५० साली अमलात आले, आणि वेठबिगार निर्मूलनाचा कायदा तर १९७६ चा. वारल्यांनी आपल्यापुरता निकाल त्यापूर्वीच लावला होता.

देरिदाने अन्यत्र म्हटले आहे की, कायद्याची विरचना होऊ शकते, न्यायाची होऊ शकत नाही. झरीच्या परिषदेस हे वाक्य चपखल लागू पडते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. सावकाराच्या वहीतील 'कर्ज' हा शब्द म्हणजे सक्तीस दिलेले सभ्य नाव आहे, एवढे ओळखताच ती वही निष्प्राण झाली. परंतु ही ओळख एकट्यादुकट्याच्या वाचनाने पटली नाही. तीस संघटना लागली, लाल बावटा लागला, गावोगाव पायपीट लागली. देरिदाने कल्पिलेल्या 'नव्या इंटरनॅशनल'ला मात्र पक्ष नाही, देश नाही, समान वर्गही नाही. टेरी ईगल्टन, ऐजाझ अहमद आदी मार्क्सवादी टीकाकारांचा आक्षेप ह्याच अंगाने होता, आणि तो आम्हांस खरा वाटतो.

तरीही निवड करण्याचा त्याचा आग्रह सोडण्यासारखा नाही. आपल्याकडे हे काम देरिदाच्या कितीतरी आधी डॉ. आंबेडकरांनी केले. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' ह्या निबंधात त्यांनी मार्क्सच्या सिद्धांतांची छाननी करून, काळाने खोटे ठरविलेले बाजूस सारले. जे उरले ते थोडे, पण महत्त्वाचे, असे म्हणून त्यांनी त्याची चार कलमे मांडली. वर्गावर्गांतील हितविरोध आणि खाजगी मालकीतून एका वर्गाच्या वाट्यास येणारे दुःख ही त्यांतीलच. हुकूमशाहीचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांची कामे फुकट करण्यात गेल्या, त्यांच्या बाजूने ही छाननी झाली आहे. विद्यापीठातील वारस कोणते भूत घेतो ह्यापेक्षा, निवडणारा कोणत्या बाजूस उभा आहे ह्यास आम्ही अधिक किंमत देतो. धनकोच्या तोंडी ऋणाची थोरवी एक, आणि ज्याने कधी कोणाचे श्रम फुकट घेतले त्याच्या तोंडी ऋणाची कबुली दुसरी. देरिदाच्या ग्रंथात हा भेद पुसट राहिला आहे.

ह्या दुसऱ्या प्रकारचे ऋण वसई-विरारच्या कित्येक घरांत नळावाटे येते. सूर्या नदीवरील धामणीचे धरण मुख्यतः त्या आदिवासी पट्ट्यातील शेती भिजविण्यासाठी योजिलेले होते. पुढे वसई-विरार व मीरा-भाईंदर ह्या शहरांकरिता दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना आखण्यात आली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी विरोध केला. शहरवासीयांस पाणी नको असे कोण म्हणेल? पण धरणाखालच्या शेतांस त्या वर्षी किती पाणी मिळाले, ह्याचा आकडा दरसाल शहरांच्या अंदाजपत्रकाबरोबर छापला जावा, आणि तो तपासावयास त्या शेतकऱ्यांचेच प्रतिनिधी बसावेत, ही मागणी आम्हांस मुळीच अवास्तव वाटत नाही.