मिरची, नारळ आणि माणूस

यातुविधीत, म्हणजे मंत्र, द्रव्य आणि क्रिया यांच्या बळावर अदृष्टाला वळवू पाहणाऱ्या विधीत, एखादी वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी केली जाते, आणि ती कोणत्या गुणामुळे निवडली गेली हे पाहिले की त्या समाजाचे भय आणि त्याची नीती दोन्ही उलगडू लागतात. मुंबईतील मानखुर्दच्या वस्त्यांतून आजही किरकिऱ्या मुलाची दृष्ट काढली जाते ती मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्यांनी. ही द्रव्ये मुठीत धरून मुलाच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवतात, विस्तवात टाकतात, आणि मिरची जळूनही कुणाला ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असे मानतात. परक्याची नजर झोंबते, म्हणून ती काढायला झोंबणारेच द्रव्य लागते; मोहरीचे तडतडणे म्हणजे त्या नजरेचे फुटणे.

मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाउ’ (पहिली आवृत्ती 1890) या पुढे विस्तारत गेलेल्या ग्रंथात अशा विधींमागे साधर्म्य आणि संसर्ग अशी दोन तत्त्वे मांडली: सारखे सारख्यावर परिणाम करते, आणि एकदा स्पर्श झालेल्या वस्तू दूर गेल्यावरही जोडलेल्या राहतात. ही मांडणी उपयुक्त आहे, पण यातुक्रियेला फसलेले विज्ञान ठरवण्याची तिची घाई पटत नाही. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील एका सूक्तात काविळीचा पिवळेपणा पोपटांवर आणि पिवळ्या पक्ष्यांवर सोपवला आहे. तिथे औषधाच्या गुणाचा दावा कमी आणि पिवळेपणाला त्याच्या योग्य जागी परत पाठवण्याची आस अधिक आहे. तरीही तापलेल्या मुलाला डॉक्टरकडे न नेता केवळ मिरच्या जाळणे हा अपराधच होय.

मीमांसाशास्त्रात ‘प्रतिनिधी’ अशी संकल्पना आहे: विहित द्रव्य न मिळाल्यास त्याच्या जागी सदृश द्रव्य योजावे. लोकविधींनी हीच वाट पुढे नेलेली दिसते. बळीच्या पशूऐवजी कोहळा चिरला जातो आणि त्यावर कुंकू टाकतात. शेंडी आणि तीन डोळे असलेला नारळ मस्तकाच्या जागी फुटतो. मानखुर्दला लागून असलेल्या ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात श्रावणी पौर्णिमेला खाडीच्या पाण्याला नारळ वाहिला जातो, तेव्हा देणे खरे असते आणि रक्त मात्र सांडत नाही. प्रतीकाचे मोठेपण या सौम्यतेत आहे, आणि ते अंधश्रद्धेच्या एकाच शिक्क्याखाली झाकले जाऊ नये.

मात्र तीच विचारपद्धती उलट दिशेने चालली, वस्तूऐवजी जिवंत माणूसच चिन्ह झाला, तर ती क्रूर होते. कुंकू सौभाग्याचे म्हणून कुंकू पुसलेली स्त्री अशुभाची, या साखळीने विधवांना हळदीकुंकवातून पिढ्यानपिढ्या बाहेर ठेवले. डाकीण ठरवलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर ती साखळी जिवावर उठते. 2013 च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने भूत किंवा करणीच्या नावाखाली केलेल्या छळाला गुन्हा ठरवले, पण शुभाशुभाची ही जोडणी कायद्याच्या हाती पुरती लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले.